सातपुड्याच्या पायथ्याशी चार छपरे आणि बॅटरीवरचा नेलर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याचा चढ सुरू होतो त्या भागात, एका शेतकरी दांपत्याने कृषी पर्यटनासाठी चार स्वतंत्र खोल्या बांधायला घेतल्या होत्या. मी त्या कामावर मालकांच्या वतीने देखरेख करणारा अभियंता होतो. ठेकेदार धुळ्याचा होता आणि छपराचे काम त्याच्याकडचे पन्नाशीतले एक मिस्तरी पाहत होते, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. या लेखनात कोणाचेही पूर्ण नाव, कामाच्या गावाचे नाव किंवा कंपनीचे नाव मी जाणीवपूर्वक दिलेले नाही.

खान्देशात सपाट धाब्याची घरे, डोंगराकडे कुडाच्या भिंतींवरची कौले आणि अलीकडे सगळीकडे पत्रा, अशी छपरांची परंपरा आहे. शिंगल्सचे, म्हणजे डांबराचा थर आणि त्यावर रंगीत खडीचे बारीक कण असलेल्या पातळ फरशांसारख्या तुकड्यांचे छप्पर इथे क्वचितच दिसते. मालकांनी ते दोन कारणांसाठी निवडले होते. पत्र्यावर पावसाचा होणारा आवाज पाहुण्यांना नको होता आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

प्रत्येक खोलीच्या छपराला सुमारे ४५० चौरस फुटांचे दोन उतार होते, म्हणजे चारही खोल्या मिळून ३,६०० चौरस फूट. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर १८ मिलिमीटरचा जलरोधक प्लायवूड, त्यावर डांबरी कागदाचा थर आणि सर्वांत वर शिंगल्स अशी रचना होती. एक मीटर लांबीचा शिंगल एकावर एक चढवत लावल्यावर त्याचा साधारण १४ सेंटिमीटर भाग उघडा राहतो, त्यामुळे १०० चौरस फुटांना सुमारे ६५ शिंगल्स लागतात. एरवी एका शिंगलला चार खिळे पुरतात, परंतु वाऱ्याच्या जागी सहा मारावे लागतात. डोंगरावरून उतरणारा वारा लक्षात घेऊन आम्ही सहा धरले होते. कडेच्या पट्ट्या आणि शिखराचे तुकडे धरून हा हिशेब सुमारे १५,००० खिळ्यांवर जात होता.

अडचण

प्लायवूड आणि डांबरी कागदाचे काम संपले तेव्हा मे महिन्याचा तिसरा आठवडा सुरू होता आणि मृग लागायला सतरा-अठरा दिवस उरले होते. दुसरा मिस्तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेला होता, त्यानंतर लग्नसराईत अडकला आणि परत आलाच नाही. छपरावर चढून सरळ ओळ राखू शकेल असा माणूस आता एकच होता. मदतीला पाड्यावरची दोन मुले होती. कष्टाला ती कमी पडत नव्हती, पण हे काम त्यांनी कधी पाहिले नव्हते.

त्यात उन्हाची भर होती. सकाळी अकरानंतर छपरावर हात टेकवत नव्हता आणि चार वाजेपर्यंत माणसाला वर पाठवणे मला मान्य नव्हते. सकाळी सहा ते अकरा आणि सायंकाळी दीड-दोन तास, एवढाच कामाचा वेळ मिळत होता.

तिसरी अडचण विजेची होती. जागेवर तात्पुरती सिंगल फेज जोडणी होती. दुपारी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज इतके पडत असे की प्लायवूड कापायचा कटरही रडत चाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हातोडीचा होता. आप्पांचा हात बसलेला होता, खिळे बाजारात मिळत होते आणि खर्चही वाढणार नव्हता, पण एकट्या माणसाने हे काम वेळेत पुरे होईल अशी खात्री आप्पांनाच नव्हती.

दुसरा पर्याय हवेच्या दाबावर चालणाऱ्या नेलरचा, म्हणजे खिळे मारणाऱ्या यंत्राचा होता. हे यंत्र हलके असते, वजन अडीच किलोच्या आसपास, आणि सलग मारा करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. परंतु त्याला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला भरवशाचे व्होल्टेज लागते, आणि ते नसल्याने जनरेटर भाड्याने आणून डिझेलची सोय करावी लागली असती. शिवाय उतारावर पायांत घोळणारी रबरी नळी नवख्या पोरांसाठी मला धोक्याची वाटत होती.

तिसरा पर्याय बॅटरीवर चालणाऱ्या कॉर्डलेस नेलरचा होता. नळी नाही, कॉम्प्रेसर नाही, जनरेटरचा आवाज नाही, यंत्र खांद्याला अडकवले आणि शिडी चढली की काम सुरू. त्याच्या गोल डब्यात तारेने जोडलेल्या १२० खिळ्यांचे वेटोळे बसते. मात्र बॅटरीसह वजन चार किलोंच्या पुढे जाते. यंत्र, दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत एका मिस्तरीच्या दीड-दोन महिन्यांच्या मजुरीएवढी होती. त्याला लागणारे वेटोळ्याचे खिळे धुळ्यात किंवा शहाद्यात मिळाले नाहीत. ते मुंबईहून मागवावे लागणार होते आणि त्यात चार दिवस जाणार होते.

चौथा पर्याय ठेकेदाराने चहा पिता पिता बोलून दाखवला होता. दोन खोल्यांचे शिंगल्स आता लावावेत, उरलेल्या दोन खोल्या डांबरी कागद आणि ताडपत्रीवर पावसाळा काढतील आणि दिवाळीनंतर पुन्हा काम घ्यावे, असे त्याचे म्हणणे होते. मी ते लगेच बाजूला सारले, कारण मालकांना श्रावणात पाहुणे घ्यायचे होते. ज्या पर्यायावर सर्वांत जास्त विचार व्हायला हवा होता, त्यावर आम्ही पाच मिनिटेही घालवली नाहीत.

पहिला निर्णय : खरेदी

विक्रेत्याने ठेकेदाराला सांगितले होते की यंत्र हातोडीच्या चौपट वेगाने खिळे मारते. हे खोटे नव्हते. ठेकेदाराने त्यावरून पाच दिवसांत चारही छपरे संपतील असा हिशेब मांडला, मी तो मान्य केला आणि एक नेलर, दोन बॅटऱ्या आणि खिळ्यांच्या १३० वेटोळ्यांची मागणी गेली.

हिशेबातली चूक मला खिळे येण्याची वाट पाहत असताना दिसली, जेव्हा आप्पांनी पहिल्या खोलीवर हातोडीने काही ओळी लावल्या आणि मी घड्याळ लावून बसलो. सहा खिळ्यांना त्यांना सुमारे ५० सेकंद लागत होते. पण शिंगल वर आणणे, ओळीला लावणे, सांधा खालच्या ओळीच्या सांध्यावर येऊ न देणे, कडेला कापणे, सरकून बसणे यांत आणखी ७० सेकंद जात होते, आणि या ७० सेकंदांना कोणतेही यंत्र हात लावू शकत नव्हते. पुढे नेलरने सहा खिळ्यांना १० ते १२ सेकंद लागले, म्हणजे एका शिंगलचा वेळ १२० सेकंदांवरून सुमारे ८० वर आला. खिळे मारण्याचा वेग चौपट झाला, कामाचा वेग दीडपट. चारही छपरांचे शिंगल्स हातोडीने १२ दिवसांचे होते ते नेलरने ८ दिवसांचे झाले. शिखर, कडा आणि भिंतीलगतचे पत्रे यांचे चार दिवस दोन्हीकडे तसेच राहिले. हातात कामाचे १३ दिवस होते. यंत्राशिवाय काम वेळेत होणार नव्हते हे खरे, पण यंत्रासह उरणारी सवड फक्त एका दिवसाची होती, आणि आम्ही सगळे मनात आठवडाभराची धरून बसलो होतो.

काम सुरू झाल्यावर

पहिली सकाळ उत्तम गेली. आप्पांनी दोन तासांत यंत्राचा अंदाज घेतला. एका हाताने शिंगल धरायचा आणि दुसऱ्याने खिळा मारायचा, ही सोय हातोडीत नाही, आणि उतारावर एक हात मोकळा राहणे म्हणजे काय हे त्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

पहिली अडचण सांगाड्याने दाखवली. ही यंत्रे ज्या देशांत जन्मली तिथे छपराचा सांगाडा लाकडी असतो. आमचा लोखंडी होता. ३२ मिलिमीटरचा खिळा शिंगल आणि कागद ओलांडून १८ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून पार होतो आणि खाली सहा-सात मिलिमीटर बाहेर येतो. एरवी ते चांगलेच. पण खाली पाइप असेल तर टोक लोखंडावर आपटते, खिळा वाकतो किंवा डोके वर राहते, आणि यंत्र हातात जोरात उसळते. हातोडी धरणाऱ्याला पहिल्याच ठोक्याला खालचे लोखंड समजते; यंत्राला ते समजत नाही, ते पूर्ण ताकदीने मारून मोकळे होते. पहिल्या उतारावर अशा तीन ओळी निघाल्या आणि दोन वेळा खिळा यंत्रातच अडकला. त्यानंतर आम्ही डांबरी कागदावर पाइपांच्या जागी आधीच सुताने रेघ मारून घेऊ लागलो, आणि त्या ओळींना आप्पा २५ मिलिमीटरचे आखूड खिळे हातोडीने मारू लागले. लोखंडी सांगाड्यावर शिंगल्स लावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट यंत्र विकत घेण्याआधी तपासावी, कारण माहितीपुस्तिकेत ती मला कुठे आढळली नाही.

दुसरी अडचण बॅटरीची. एका बॅटरीवर चार ते पाच वेटोळी, म्हणजे पाचशे-सहाशे खिळे जात. दिवसाला सतराशे-अठराशे खिळे लागत असल्याने दोन बॅटऱ्या, दुपारी एकदा चार्ज करून, कागदावर पुरेशा होत्या. परंतु लिथियमच्या बॅटरीला ४० अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगितलेले असते, आणि बॅटरी तापलेली असली तर चार्जर तिला घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. छपरावरून उतरलेली बॅटरी हाताला चटका देत होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये सावलीलाही पारा ४३ होता. दुपारच्या सुट्टीत चार्ज होईल ही आमची सगळी योजना तिथेच कोसळली. दुसऱ्या सायंकाळी दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या होत्या आणि आप्पा हातोडीवर परत आले.

यावर आम्ही आणखी दोन बॅटऱ्या मागवल्या आणि चार्जिंगची वेळ रात्रीची केली. चार्जर मालकांच्या जुन्या धाब्याच्या घरात, शहाबादी फरशीवर ठेवला. जाड मातीच्या छपराखालची ती खोली दुपारीही बाहेरच्या शेडपेक्षा बरीच थंड असे. मुले बॅटऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळायला निघाली होती, ते मी थांबवले, कारण बॅटरीला पाणी लागणे उष्णतेपेक्षा वाईट.

तिसरी अडचण सर्वांत महाग पडली आणि ती ओळखणारे आप्पा होते. दुसऱ्या खोलीच्या पश्चिम उतारावर, एका सायंकाळी, त्यांनी मला वर बोलावले. "हाऊ खिया बुडी राह्यना, भाऊ," असे म्हणून त्यांनी बोट ठेवले. खिळ्याचे डोके शिंगलच्या पृष्ठभागाशी बरोबर टेकून थांबायला हवे, पण इथे ते डांबरात रुतले होते आणि भोवती खडीचे कण निघून काळी कड उघडी पडली होती. सकाळी सहाला शिंगल कडक असतो, दुपारच्या उन्हानंतर तो मऊ होतो, आणि सकाळी बरोबर बसणारी खिळ्याची खोली सायंकाळी जास्त ठरते. शिंगलमध्ये घुसलेला खिळा त्याला धरत नाही, कापतो. यंत्रावर खिळा किती खोल जावा हे कमी-जास्त करण्याचे चाक होते, पण आम्ही ते पहिल्या सकाळी एकदाच लावले होते.

दुसरा निर्णय : त्या सायंकाळी काय करावे

चाक फिरवून पुढचे खिळे बरोबर बसवणे सोपे होते, ते आम्ही लगेच केले. आधीच्या नऊ ओळींचे काय, हा प्रश्न होता. रीत अशी की रुतलेल्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा नीट मारायचा आणि पहिल्या भोकावर डांबरी लेप द्यायचा. वरची ओळ चढल्यावर खालचे खिळे झाकले जातात, म्हणून प्रत्येक शिंगल अलगद उचलूनच हे करावे लागते, आणि त्यासाठी अर्धा दिवस लागला असता. आप्पांचे मत स्पष्ट होते की आजच करावे. ठेकेदार म्हणाला की शिंगल्सच्या खालची चिकट पट्टी उन्हाने एकमेकांना धरेल आणि खिळ्यांवर फारसा भार येणार नाही. घड्याळ पाहून मी ठेकेदाराच्या बाजूने गेलो. जागेवरचा शब्द माझा होता, म्हणून ही चूक मी माझ्या नावावर मांडतो.

चिकट पट्टीबद्दलचे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण त्या दिवशी दुपारभर धुळीची वावटळ फिरत होती, आणि धूळ बसलेली पट्टी चिकटत नाही.

वळवाची रात्र

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला वळीव आला. पाऊस वीस मिनिटेच पडला, वारा मात्र तासभर होता. सकाळी पाहिले तेव्हा पश्चिम उताराच्या त्या पट्ट्यातले पन्नासहून अधिक शिंगल्स उचललेले किंवा फाटलेले होते. जे उडाले होते त्यांचे खिळे प्लायवूडमध्ये जागच्या जागी उभे होते आणि शिंगल त्यांच्या डोक्यांवरून फाटून निघाला होता. त्याच छपराचा पूर्व उतार, जो सकाळच्या वेळी लावला होता, त्याचा एकही तुकडा हलला नव्हता. तेच यंत्र, तोच माणूस, तेच खिळे, मोठा फरक उन्हाचा आणि त्या धुळीचा.

डांबरी कागद शाबूत असल्याने आत पाणी आले नाही. नऊ ओळी काढून पुन्हा लावण्यात दीड दिवस गेला. ज्या अर्ध्या दिवसाची आम्ही बचत केली होती त्याची ही किंमत झाली.

कामाच्या पद्धतीत केलेले बदल

त्यानंतर नेलर फक्त सकाळी चालवायचा असे ठरले. सायंकाळचा वेळ आम्ही शिखराचे तुकडे, कडा आणि पाइपांवरच्या ओळी यांना दिला, जिथे हातोडीच चालणार होती. दर दोन तासांनी पाच खिळे मारून ते किती खोल जातात हे तपासायचे आणि चाक लावायचे काम एका मुलाकडे दिले, आणि त्याने ते इतक्या निष्ठेने केले की पुढे तो आप्पांनाही थांबवू लागला. यंत्राच्या तोंडाशी डांबर आणि कण साचत, म्हणून रोज दुपारी बॅटरी काढून ते रॉकेलच्या फडक्याने पुसून घेतले जाई.

एक प्रसंग सुरक्षेचाही सांगायला हवा. या यंत्रांना दोन पद्धती असतात. एकीत घोडा दाबून ठेवून तोंड टेकवले की खिळा सुटतो, दुसरीत आधी तोंड टेकवून मग दर वेळी घोडा दाबावा लागतो. वेगासाठी आम्ही पहिली निवडली होती. चौथ्या दिवशी यंत्र बाजूला ठेवताना आप्पांचे बोट घोड्यावरच राहिले, तोंड गुडघ्याला घासले आणि खिळा पायजम्याच्या घोळातून आरपार प्लायवूडमध्ये गेला. कातडीला ओरखडाही नव्हता. त्या मिनिटापासून दुसरी पद्धत कायम झाली. नंतर घड्याळ लावून पाहिले तेव्हा दर शिंगलमागे तीन-चार सेकंदांचाच फरक निघाला, आणि एवढ्यासाठी आम्ही चार दिवस तो धोका पत्करला होता. डोळ्यांवर चष्मा आणि शिखराला बांधलेल्या दोरीचा हार्नेस मात्र पहिल्या दिवसापासून सक्तीचा होता.

वजनाची तक्रार आप्पांनी स्वतःहून केली नाही. सातव्या दिवशी चहाचा पेला उचलताना त्यांचे मनगट थरथरत होते, ते मी पाहिले. त्यानंतर दर तासाला यंत्र खाली ठेवून वीस मिनिटे कापाकापीचे काम करण्याची पद्धत पडली.

परिणाम

तीन खोल्यांची छपरे मृगाआधी पुरी झाली. चौथ्या खोलीचा एक उतार राहिला, तो ताडपत्रीखाली ठेवून जूनच्या शेवटी मिळालेल्या चार दिवसांच्या उघडिपीत लावला. ज्या पर्यायाला आम्ही पाच मिनिटे दिली नव्हती, तो शेवटी थोड्या प्रमाणात आपणहून अमलात आला आणि त्यात काही बिघडलेही नाही. पावसाळ्यानंतर मी चारही छपरे चढून पाहिली. खिळ्यांतून कुठेही गळती नव्हती. एका ठिकाणी ओल होती, ती भिंतीलगतच्या पत्र्याच्या सांध्यातली, यंत्राशी तिचा संबंध नव्हता.

ठेकेदाराच्या दृष्टीने हिशेब तितकासा जमला नाही. चार बॅटऱ्यांमुळे खर्च ठरवलेल्यापेक्षा बराच वाढला. त्यानंतरच्या वर्षभरात त्याला शिंगल्सचे दुसरे एकच छोटे काम मिळाले. गावोगावी लोक त्याला विचारतात की याने पत्रे ठोकता येतील का. येत नाहीत. लोखंडी पाइपावर पत्रा बसवायला रबरी वायसरचे स्वतः भोक पाडणारे स्क्रूच लागतात, आणि छपरी खिळ्यांचे हे यंत्र त्या कामाचे नाही.

वेगळे काय करता आले असते

घड्याळाची मोजणी खरेदीनंतर झाली, ती आधी व्हायला हवी होती. हातोडीने दहा शिंगल्स लावून त्यातला खिळ्यांचा वेळ वेगळा काढायला अर्धा तास पुरतो, आणि यंत्र किती वेळ वाचवेल हे त्यावरून आधीच कळते. तसे केले असते तरी नेलर आम्ही घेतलाच असता असे मला वाटते, कारण अशा विजेत आणि एकाच मिस्तरीवर त्याला पर्याय नव्हता. पण मालकांना पाच दिवसांचा शब्द दिला नसता, आणि तो शब्द नसता तर त्या सायंकाळी घड्याळाकडे पाहून मी आप्पांचे म्हणणे टाळले नसते.

सांगाड्याच्या बाबतीत, शिंगल्स नक्की झाले तेव्हाच पाइपांची जागा ओळींच्या अंतराशी जुळवून आखता आली असती. १४ सेंटिमीटरच्या पटीत पाइप बसवले की खिळ्यांची रेघ त्यांना चुकवून जाते. हा बदल फुकट झाला असता. तो मला नकाशा काढताना सुचला नाही, आणि पुढच्या कामात मी तो केला.

भाड्याचा प्रश्न उरतो. असा नेलर आमच्या भागात भाड्याने मिळाला असता तर खरेदी करू नये असे मी ठेकेदाराला सांगितले असते. वर्षाला तीन-चार छपरे असतील तर विकत घेणे योग्य, एकासाठी नाही. सध्या धुळे आणि नंदुरबारकडचे तीन ठेकेदार मिळून एक यंत्र वापरण्याचे बोलणे सुरू आहे. आप्पांनी त्यात एकच अट घातली आहे की बॅटऱ्या त्यांच्या घरी राहतील, आणि त्या उन्हाळ्यात रात्रीच चार्ज होतील.